आपल्या इंजिनाचं कास्टिंग कोण ओतणार?

ज्याने आयुष्यभर लेथवर पोट भरलं त्याने निवृत्त झाल्यावर घरातही लेथच आणावा, हे आमच्या नातेवाइकांत अजून कुणाला पटलेलं नाही. मी आयटीआयमध्ये टर्नर ट्रेड शिकवायचो. आता कोल्हापुरात घराच्या मागच्या खोलीत माझा छोटा चिनी लेथ आहे. 180 मिलिमीटरचा स्विंग, दोन सेंटरमध्ये जेमतेम फूटभर अंतर आणि वजन चाळीस किलोच्या आसपास. शेजारी टेबलावर बसणारी एक मिलिंग मशीन. यांच्यावर मी छोटी इंजिनं करतो, खरोखर फिरणारी. "याचं पुढं काय करणार?" असं पाहुणे विचारतात. काही करणार नाही. फिरवणार आणि बघत बसणार.

ही हौस आपल्याकडे बाळसं धरत नाही, त्याचा दोष लोक यंत्रांच्या किमतीला देतात. मला ते मान्य नाही. लाखभराचा मोबाइल आणि त्याच्या दुप्पट किमतीची मोटारसायकल हप्त्यावर घेणारे तरुण माझ्याच गल्लीत आहेत. अडचण वेगळी आहे. इथं लेथ विकत मिळतो, पण त्याच्यावर करायला आपलं असं काही मिळत नाही.

इंग्लंडमध्ये काय झालं ते बघा. तिथं 'मॉडेल इंजिनियर' हे मासिक 1898 मध्ये सुरू झालं आणि त्याच वर्षी लंडनमध्ये हौशी लोकांची सोसायटीही उभी राहिली. कारकून, डॉक्टर, शाळामास्तर अशी माणसं संध्याकाळी शेडमध्ये जाऊन लोखंड कापायला लागली. दुसरं महायुद्ध संपल्यावर नॉटिंगहॅमजवळच्या बीस्टनमधून मायफर्ड कंपनीचा एमएल 7 हा लेथ आला आणि तिकडच्या हौशी घरांत तो वर्षानुवर्षं ठाण मांडून बसला. तो कारखाना 2011 मध्ये बंद पडला, तरी जुन्या मायफर्डला अजून गिऱ्हाईक आहे. पण माझ्या मते हौस टिकवली ती लेथने नव्हे, स्टुअर्टसारख्या कंपन्यांच्या खोक्यांनी. खोक्यात बिडाची नि गनमेटलची कच्ची कास्टिंग्ज, थोडे रॉड, स्क्रू आणि एक ड्रॉइंग. त्यांचं 'टेन व्ही' नावाचं उभं वाफेचं इंजिन आहे, पाऊण इंच बोअर आणि पाऊण इंच स्ट्रोक. नवशिक्याने ते खोकं आणायचं, सिलिंडर बोअर करायचा, फ्लायव्हील घासायचं, व्हॉल्व्हचा टायमिंग लावायचा आणि शेवटी काँप्रेसरची हवा सोडायची.

हवा सोडल्यावर इंजिन फिरतं तेव्हा काय होतं, हे टर्नर माणसाला विचारा. आमच्या ट्रेडमध्ये पोरगा रॉड धरतो, स्टेप टर्निंग करतो, टेपर काढतो, आटे पाडतो. आम्ही मायक्रोमीटर लावतो, मार्क देतो आणि जॉब भंगारच्या पेटीत जातो. पुढे तो कारखान्यात लागला की एकच पिन हजारांनी करतो आणि ती पिन कुठल्या गाडीत बसली हे त्याला कधी कळत नाही. मी शिकवलेल्या मुलांपैकी कित्येकांनी आपण केलेली वस्तू चालताना आयुष्यात पाहिलेली नाही. छोट्या इंजिनात एक शतांश मिलिमीटर चुकला तर मार्क जात नाहीत, पिस्टन अडकतो. ही शिक्षा जास्त चांगली शिकवते.

तर ती खोकी मागवून आपल्याकडचेही काही जण इंजिनं करतात. मीही केली. मापं इंचात, आटे बीए जातीचे. त्या मापाचा टॅप इथल्या हार्डवेअरच्या दुकानात मागितला तर दुकानदार तोंडाकडे बघत राहतो, मग आपण मेट्रिक आटे पाडून वेळ भागवतो. ते सगळं ठीक. पण इंजिन पुरं झाल्यावर बघायला आलेला माझा चुलत भाऊ म्हणाला, "अण्णा, छान आहे. पण हे कुठलं इंजिन?" कुठल्या तरी ब्रिटिश वर्कशॉपमधलं. त्याने ते पाहिलेलं नाही आणि मीही नाही.

आम्ही दोघांनी पाहिलेलं इंजिन विहिरीवरचं. किर्लोस्कर, कूपर आणि त्या जातीची बाकी सगळी. सिंगल सिलिंडर, बाजूला जड फ्लायव्हील, पंपाच्याच पाण्याने थंड होणारं. डीकाँप्रेशनचा खटका उचलायचा, हँडल मारून वेग धरायचा, खटका सोडायचा. लागलं तर लागलं, नाही तर पुन्हा घाम. उसाच्या घाण्यालाही पट्ट्याने तेच जोडलेलं असायचं. वीज आली, मोटारी आल्या, इंजिनं गोठ्याच्या मागे गेली आणि तिथून भंगारवाल्याच्या काट्यावर. फ्लायव्हीललाच वजन भरपूर भरतं, म्हणून तीच आधी जातात.

माझं म्हणणं एवढंच, की आपल्या मॉडेलवाल्यांनी हे इंजिन करावं आणि त्याचं कास्टिंग इथंच ओतलं जावं.

हे जमणारं आहे का, हे मी कागदावर मांडून बघितलं. नमुना म्हणून लिस्टर सीएस 6/1 घेतलं. मूळ इंग्लंडचं, पण राजकोटच्या कारखान्यांनी त्याच्या एवढ्या नकला काढल्या की ते जगभर आता भारतीय इंजिन म्हणूनच विकलं जातं. बोअर साडेचार इंच, स्ट्रोक साडेपाच इंच, मिनिटाला 650 फेऱ्यांवर 6 अश्वशक्ती. चौथाई मापात बोअर येतो 28.6 मिलिमीटर आणि स्ट्रोक 34.9. दोन फुटांच्या आसपासचं फ्लायव्हील 150 मिलिमीटरवर येतं, म्हणजे माझ्या लेथच्या बेडवर ते कसंबसं फिरतं. एचएसएस टूलने बीड कापायचं तर परिघावर मिनिटाला 20 मीटरच्या आसपास वेग हवा. या व्यासाला तो मिनिटाला बेचाळीस फेऱ्यांत भरतो. छोट्या लेथची मोटर एवढ्या कमी वेगात दमते, कट हलका घ्यावा लागतो. चालतं. आम्हाला कुठं शिफ्टचा हिशेब द्यायचाय!

खरी गंमत सिलिंडरच्या आत आहे. माप चौथाई केलं की आकारमान चौसष्टाव्या हिश्शावर येतं, पण आतला पृष्ठभाग सोळाव्या हिश्शावरच थांबतो. म्हणजे हवेच्या मानाने भिंत चौपट. दाबलेल्या हवेची उष्णता भिंत खाऊन टाकते आणि डिझेल पेटतच नाही. शिवाय दर फवाऱ्याला लागणारं डिझेल उरतं एक घन मिलिमीटरच्या आसपास, साखरेच्या एका दाण्याएवढं. तेवढं मोजून, दाबून, वेळेवर फवारणारा पंप घरच्या लेथवर करणं माझ्या तरी आवाक्याबाहेरचं आहे. म्हणून शहाण्या माणसाने आत छोटा स्पार्क प्लग लपवावा आणि पेट्रोलवर चालवावं. शुद्धतावादी नाक मुरडतील. त्यांनी पंप करून दाखवावा, मी हार घेऊन येईन.

आता कास्टिंग. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलची पंचतारांकित एमआयडीसी, एवढ्या भट्ट्या उशाशी असताना मी तीनशे ग्रॅमच्या बिडाच्या पीससाठी परदेशी खोक्याची वाट बघतो, याची मला लाज वाटते. माझा एक जुना विद्यार्थी फाउंड्री चालवतो. त्याच्याकडे गेलो तर त्याने आधी चहा पाजला, मग म्हणाला, "सर, तुमचे वीस पीस ओतायला मी भट्टी लावली तर विजेचं बिलसुद्धा सुटणार नाही. आणि पॅटर्नचे पैसे कोण देणार?" त्याचं चूक नाही. मोटारीच्या कंपन्यांना टनांनी माल देणाऱ्याला वीस पीस म्हणजे कटकटच.

तरीही या अडचणींना उत्तरं आहेत. पूर्वी पॅटर्नमेकर सागवान कोरून पॅटर्न करायचा, त्यात आठवडे जायचे आणि मजुरी जबर. आता तो पॅटर्न थ्रीडी प्रिंटरवर निघतो. बीड आकसतं साधारण एक टक्का, तेवढं माप वाढवून द्यायचं आणि मशीनिंगला दीड-दोन मिलिमीटर ठेवायचे. भट्टी वेगळी लावायची गरजच नाही. मोठ्या मालाच्या शेवटच्या लॅडलमध्ये उरलेल्या धातूत आमचे साचे भरता येतील. एकच पथ्य पाळायचं. पातळ पीस मोकळ्या हवेत घाईने फोडू नयेत, रेतीतच निवू द्यावेत. लवकर थंड झालेल्या बारीक बिडाची कातडी एवढी कडक होते की टूल त्यावरून नुसतं घासत जातं. हे मी त्याला सांगितलं तेव्हा तो हसला. "सर, आता हे तुम्ही मला शिकवणार?" म्हणाला. पण नाही म्हणाला नाही.

उरलं ड्रॉइंग. ते काम इंजिनियरिंग कॉलेजांचं. शेवटच्या वर्षाची मुलं प्रोजेक्ट म्हणून काय काय विकत आणून जमा करतात, ते सगळ्यांना माहीत आहे. त्याऐवजी चार मुलांनी गावातलं एक जुनं इंजिन खोलावं, प्रत्येक भाग मोजावा, संपूर्ण ड्रॉइंग संच काढावा आणि चौथाई मापाचं मॉडेल करावं. कॉलेजच्या वर्कशॉपमधले लेथ प्रॅक्टिकलचे तास सोडले तर झाकूनच असतात.

चेरी हिल या ब्रिटिश बाईंचं काम यासाठी बघण्यासारखं आहे. त्यांनी एकोणिसाव्या शतकातल्या विसरल्या गेलेल्या शेतीच्या वाफेच्या इंजिनांची सोळाव्या हिश्शाची मॉडेलं केली आणि त्यांना त्याबद्दल 2000 मध्ये एमबीई हा किताब मिळाला. त्यातल्या काहींची मूळ इंजिनं शिल्लकच नव्हती, जुन्या पेटंटांच्या चित्रांवरून त्यांनी ती उभी केली. म्हणजे इंग्लंडमध्ये इंजिन गेलं तरी त्याचा कागद राहिला होता. आपल्याकडे इंजिनही चाललंय आणि ज्या छोट्या वर्कशॉपांनी ती केली त्यांचे कागद कधीच वाळवीला गेलेत. ज्या मेस्त्रींना मापं तोंडपाठ होती ते आता ऐंशीच्या पुढे आहेत.

म्हणून वाचकांना एक विनंती. तुमच्या शेतात, गोठ्याच्या मागे असं इंजिन पडलं असेल तर ते विकू नका असं मी म्हणणार नाही, भंगाराचा भाव मलाही कळतो. पण काट्यावर चढवण्याआधी त्याच्या नावाच्या पाटीचा फोटो काढा, फ्लायव्हीलला टेप लावा, हेड खोलता येत असेल तर बोअर मोजा आणि तो कागद जवळच्या आयटीआयच्या टर्नर किंवा फिटरच्या मास्तरांकडे नेऊन द्या. आणि फाउंड्रीवाल्यांनो, पहिल्या सेटची किंमत सांगा. माझे पैसे आगाऊ घ्या.