जखमांसह उठलेला ख्रिस्त

गुड फ्रायडे जवळ आला की वृत्तपत्रांत आणि समाजमाध्यमांवर येशूविषयी जे चार चांगले शब्द लिहिले जातात, त्यांचा सूर बहुधा एकच असतो: प्रेमाची आणि क्षमेची शिकवण देणारा एक महात्मा आपल्या तत्त्वांसाठी मरण पावला. यामागे आदर आहे आणि ख्रिस्ती माणसाने त्याबद्दल कृतज्ञ राहावे. पण एवढ्यावर थांबले तर ख्रिस्ती श्रद्धेचा गाभाच हातातून निसटतो. 2005 मध्ये स्थापन झालेल्या सिंधुदुर्ग धर्मप्रांतात, सावंतवाडीच्या मिलाग्रिस चर्चपासून मालवण-वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यापर्यंत, लोक शुक्रवारी क्रुसाची वाट करतात आणि शनिवारी रात्री पास्काची मेणबत्ती पेटवतात. एखाद्या हुतात्म्याची पुण्यतिथी पाळायची असती तर शुक्रवार पुरला असता. येशूचे मरण आणि त्याचे पुनरुत्थान ही दोन वेगळी प्रकरणे नाहीत, असे मला ठामपणे म्हणायचे आहे. पुनरुत्थान हा त्या मरणावर देवाने दिलेला निकाल आहे. हा निकाल वगळला तर क्रूस म्हणजे रोमन साम्राज्याने घेतलेल्या असंख्य बळींपैकी एक, एवढेच उरते. आणि क्रूस वगळला तर पुनरुत्थान हा नुसता चमत्कार ठरतो.

मराठीला ही गोष्ट चारशे वर्षांपासून ठाऊक आहे. इंग्लंडमध्ये जन्मलेले जेझुइट धर्मगुरू फादर थॉमस स्टीफन्स 1579 मध्ये गोव्यात आले आणि त्यांनी उरलेले आयुष्य मुख्यतः साष्टीत घालवले. त्यांचे जवळपास अकरा हजार ओव्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ 1616 मध्ये राचोल येथे छापले गेले. पुराणे ऐकण्याची पिढ्यान्‌पिढ्यांची सवय असलेल्या नवख्रिस्ती श्रोत्यांपुढे केवळ नीतीचे पाठ ठेवणे स्टीफन्स यांना सोपे होते. तरीही दुसऱ्या पुराणातले ख्रिस्तचरित्र मरण, पुनरुत्थान आणि स्वर्गारोहण इथपर्यंत पोहोचल्यावाचून त्यांनी सोडले नाही. पुढे रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावी जन्मलेले रेव्हरंड नारायण वामन टिळक येशूच्या डोंगरावरील प्रवचनाने भारावले आणि 1895 मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तेच प्रवचन महात्मा गांधींनाही अतिशय प्रिय होते. गांधीजी अखेरपर्यंत हिंदू राहिले आणि त्यात काही विसंगती नव्हती, कारण एखाद्याची शिकवण मनापासून मानायला त्याचा धर्म स्वीकारावा लागत नाही. दोघांमधले अंतर टिळकांच्या अभंगांत दिसते. होऊन गेलेल्या शिक्षकाचे स्मरण करता येते, त्याच्याशी बोलता येत नाही. टिळक ख्रिस्ताशी बोलतात, त्याला माउली म्हणून हाक मारतात. तो जिवंत आहे, या विश्वासावाचून अशी भक्ती उभीच राहत नाही.

आता पहिला आणि सर्वांत रास्त आक्षेप: ही सारी दंतकथा असेल तर? येशूला रोमन सुभेदार पंत पिलाताच्या कारकिर्दीत, इसवी सन 30 च्या सुमारास देहदंड दिला गेला, याबद्दल गंभीर इतिहासकारांत वाद नाही. ख्रिस्ती लोकांचा तिटकारा करणारा रोमन इतिहासकार टॅसिटस यानेही दुसऱ्या शतकाच्या आरंभी त्याची नोंद केली. पिलाताचे नाव कोरलेला शिलालेख 1961 मध्ये कैसरिया येथे सापडला. पुनरुत्थानाची घोषणा शतकानुशतके हळूहळू रचली गेली, असेही म्हणता येत नाही. इसवी सन 55 च्या सुमारास करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात प्रेषित पौल साक्षीदारांची यादी देतो आणि ती आपल्याला आधीच्यांकडून मिळाल्याचे सांगतो. त्यांतले बरेचजण अजून हयात आहेत, असेही तो नमूद करतो. चारही शुभवर्तमानांत रिकाम्या कबरीपाशी प्रथम पोहोचतात त्या स्त्रिया. ज्या समाजात स्त्रीच्या साक्षीला फारसे वजन नव्हते, तिथे कथा रचणाऱ्याने असे साक्षीदार निवडले नसते. शिवाय त्या काळात मसीहा म्हणून पुढे आलेले इतर पुढारी मारले गेले की त्यांच्या चळवळी विझत. बार कोखबाचे बंड 135 मध्ये त्याच्याबरोबर संपले. झाडावर टांगलेला माणूस शापित, असे धर्मशास्त्र सांगत असतानाही येशूचे पळून गेलेले शिष्य मात्र परत येऊन, जिथे त्याला मारले गेले त्याच शहरात उभे राहिले.

एवढ्याने पुनरुत्थान सिद्ध होते का? नाही, आणि तसा दावा करणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. शिष्यांची खात्री पटली होती आणि तिच्यासाठी त्यांनी छळ सोसला, इथपर्यंत इतिहास आपल्याला आणून सोडतो. त्यापुढचे पाऊल श्रद्धेचे. पण ते अंधारात टाकलेले पाऊल नाही, एवढे म्हणण्याचा हक्क ख्रिस्ती माणसाला आहे. इथे मराठी वाचक विचारेल की ज्ञानदेवांची संजीवन समाधी आणि तुकोबांचे सदेह वैकुंठगमन आम्हीही मानतो, मग यात निराळे काय? कोणाचा चमत्कार मोठा, ही स्पर्धा मला मांडायची नाही. वेगळेपण घटनेच्या अर्थात आहे. ज्ञानदेव कार्य पूर्ण करून स्वेच्छेने समाधिस्थ झाले. येशूला न्यायासनापुढे उभे करून गुन्हेगार ठरवले गेले, विवस्त्र करून खिळले गेले. धर्मसत्ता आणि राजसत्ता या दोघींनी ज्याच्यावर दोषी असा शिक्का मारला, त्यालाच देवाने उठवले. म्हणून पुनरुत्थानात पहिल्यांदा उलटतो तो दंडाधिकाऱ्याचा निवाडा. उठलेल्या देहावर खिळ्यांच्या आणि भाल्याच्या जखमा तशाच राहतात आणि संशय घेणाऱ्या थोमा या शिष्याला त्याच दाखवल्या जातात, हा तपशील म्हणूनच मला फार महत्त्वाचा वाटतो. जे घडले ते देवाने पुसून टाकले नाही. अन्याय झाला होता, याची खूण त्याने कायम ठेवली.

दुसरा आक्षेप कर्मसिद्धान्तातून येतो आणि तो जास्त खोल आहे. ज्याचे पाप त्याने फेडावे. एका निरपराध्याला शिक्षा करून दुसऱ्यांना मोकळे करणारा देव न्यायी कसा? क्रुसाचे विवेचन काही ख्रिस्ती उपदेशकांनीच असे केले आहे, की जणू रागावलेल्या देवाला रक्त हवे होते आणि त्याने ते एका तिसऱ्याच माणसाकडून वसूल केले. हे चित्र खरे असते तर आक्षेप बिनतोड ठरला असता. पण ख्रिस्ती श्रद्धेनुसार क्रुसावर कोणी तिसरा नाही, स्वतः देवच देह धारण करून तिथे आहे. न्यायाधीश शिक्षा दुसऱ्यावर ढकलत नाही, स्वतः आरोपीच्या जागी येऊन उभा राहतो. यातून कर्माची जबाबदारीही संपत नाही. आपल्या पापाने काय होऊ शकते, हे माणसाला क्रुसाकडे पाहूनच कळते. त्याला मिळते ती नव्याने सुरुवात करण्याची मुभा, आणि तीही पुनरुत्थानामुळे, कारण मेलेला माणूस कोणालाही क्षमा करू शकत नाही.

परलोकाची आशा दाखवून गरिबांना गप्प बसवण्याचे हे साधन आहे, असा तिसरा आक्षेप घेतला जातो. धर्माचा तसा वापर झाला आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण महाराष्ट्रात महात्मा जोतीराव फुल्यांनी ही कथा नेमकी उलट वाचली. 1873 च्या ‘गुलामगिरी’त त्यांनी येशूला बळीराजाच्या परंपरेत बसवले. ते ख्रिस्ती झाले नाहीत. तरी पायाखाली चिरडल्या गेलेल्या राजाची आणि क्रुसावर चढवलेल्या माणसाची बाजू एकच आहे, हे त्यांनी ओळखले. बळीचे राज्य पुन्हा यावे, ही इच्छा आपल्या शेतकरी घरांतून दर दिवाळीला व्यक्त होते. जो हरवला गेला त्याचेच राज्य खरे होते, हा भाव त्यामुळे आपल्या मातीला परका नाही. ख्रिस्ती श्रद्धा त्यापुढे जाऊन म्हणते, की चिरडलेल्याला उठवण्याचे काम देवाने सुरूही केले आहे. असे मानणारा माणूस अन्यायाला देवाची इच्छा म्हणू शकत नाही.

आपल्या भागात आणखी एक आक्षेप घेतला जातो, आणि तो टाळणे योग्य नाही. याच किनाऱ्याच्या दक्षिणेला क्रूस पोर्तुगीज तलवारीसोबत आला, देवळे पाडली गेली, 1560 ते 1812 या काळात गोव्यात धर्मन्यायालयाने लोकांना छळले. त्याचे खटले मुख्यतः बाप्तिस्मा घेतलेल्यांवरच चालले आणि अशा जाचाला कंटाळून अनेक ख्रिस्ती कुटुंबे सावंतवाडीच्या मुलखात आली. युरोपात तर येशूच्या मृत्यूचे खापर ज्यूंवर फोडून शतकानुशतके त्यांचा संहार झाला. तो सामूहिक आरोप कॅथलिक चर्चने 1965 मध्ये अधिकृतपणे फेटाळला. या इतिहासाचे समर्थन होऊ शकत नाही, आणि त्याच्याविरुद्धचा सर्वांत कठोर पुरावा खुद्द क्रूस आहे. ज्या श्रद्धेच्या केंद्रस्थानी न्यायालयाचा बळी आहे, तिने न्यायालये उभारून बळी घेतले, तेव्हा ती पिलाताच्या बाजूला जाऊन बसली होती.

म्हणून पुनरुत्थानावरचा विश्वास आम्हा ख्रिस्ती लोकांच्या अंगावर एक जबाबदारी टाकतो. जगाने टाकाऊ ठरवलेल्याला देवाने उचलले, असे आपण दरवर्षी गातो. मग रुग्ण, कर्जात बुडालेला मच्छीमार, वाळीत टाकलेले कुटुंब यांच्याबाबत जगाचाच निवाडा आपण मान्य कसा करू शकतो? अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनने वेंगुर्ल्यात सेंट ल्यूक्स रुग्णालय चालवले. चांगली रुग्णालये निरीश्वरवादीही उभारतात, त्यामुळे हा पुनरुत्थानाचा पुरावा होत नाही. मात्र ज्याने जखमा असलेल्या देहाला देवाचा देह म्हटले, त्याने जखमी देहांकडे पाठ फिरवली तर त्याची श्रद्धा खोटी ठरते. हिंदू, मुस्लिम, बौद्ध शेजाऱ्यांनी आमचा सिद्धान्त मान्य करावा, असा आग्रह धरण्याचे कारण नाही. पण पुढच्या गुड फ्रायडेला येशूबद्दल लिहिताना त्यांनी लेख शुक्रवारी संपवू नये, रविवारपर्यंत न्यावा. आणि आम्ही त्या रविवाराचे नाव घेताना, ज्यांच्यावर आजही शुक्रवार लादला जातो आहे, त्यांच्या बाजूने उभे राहावे.