निकाल आधी, वाचन नंतर

अमेरिकेतील ख्रिस्ती गृहशिक्षणाचा विषय निघाला की वाद हमखास एका ठिकाणी येऊन अडतो: जीवशास्त्राच्या पुस्तकात. पृथ्वीचे वय किती, डार्विन शिकवायचा की नाही, आणि शिकवायचा तर आकलनासाठी की खंडनासाठी. विरोधक तेथे तुटून पडतात आणि समर्थक तेथेच तटबंदी उभारतात. हा वाद गैरलागू आहे असे आम्ही म्हणत नाही. खडकांचे वय मुलाला खोटे सांगू नये, एवढे तरी सर्वमान्य असावे. परंतु खडकांविषयीची चूक महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षात एखादा बरा प्राध्यापक दुरुस्त करू शकतो. पंधराव्या-सोळाव्या वर्षी जडलेली वाचनाची खोड अशी एका तासात सुटत नाही, हे आम्ही वर्षानुवर्षे वर्गात उभे राहून पाहत आलो आहोत. म्हणून नववी ते बारावी या चार वर्षांसाठी ख्रिस्ती अभ्यासक्रम निवडणाऱ्या पालकाने सर्वांत आधी उघडावे ते साहित्याचे पुस्तक. आणि अशी काही नावाजलेली पुस्तके उघडून पाहिल्यावर आमची तक्रार अशी आहे, की ती फार ख्रिस्ती आहेत हा त्यांचा दोष नाही. ती पुरेशी ख्रिस्ती नाहीत, हा आहे.

मराठीच्या अध्यापकांनी या भानगडीत का पडावे, असे कोणी विचारील. आमची एक जुनी विद्यार्थिनी नगर जिल्ह्यातल्या, तीन पिढ्यांपासून ख्रिस्ती असलेल्या घरातली. ती आता टेक्सासमध्ये राहते. मुलगा यंदा नववीच्या वयाचा झाला, त्याला घरीच शिकवायचे नवरा-बायकोने ठरवले. 'सर, मॅडम, गणिताचं माझं मी बघते, साहित्याचं तेवढं तुम्ही सांगा,' असे लिहून तिने नमुन्याची पाने पाठवली. तिला जे कळवले तेच येथे थोड्या विस्ताराने मांडत आहोत.

हा प्रकार मूठभर विक्षिप्तांचा राहिलेला नाही. अमेरिकी सरकारच्याच शैक्षणिक पाहणीप्रमाणे १९९९ साली साडेआठ लाख मुले घरी शिकत होती. २०१६ साली ती संख्या सुमारे सतरा लाख झाली होती. २००७ च्या पाहणीत ३६ टक्के पालकांनी धार्मिक वा नैतिक शिक्षण हे आपले सर्वांत महत्त्वाचे कारण म्हणून सांगितले. एवढी मोठी गिऱ्हाइकी असल्यावर बाजार उभा राहणारच. फ्लोरिडातील पेन्साकोला येथून 'अबेका', दक्षिण कॅरोलायनातील ग्रीनव्हिल येथून बॉब जोन्स विद्यापीठाचे प्रकाशन, टेक्सासमध्ये १९७० साली सुरू झालेले 'अॅक्सिलरेटेड ख्रिश्चन एज्युकेशन', कोलोरॅडोतील 'सनलाइट', आणि ग्रीक-रोमन अभिजातांपासून आरंभ करणारी 'ऑम्निबस' ही जाडजूड मालिका. नावे आणखीही आहेत. विचारपद्धती मात्र दोन-तीनच.

पहिली पद्धत संकलनाची. वर्षाला एक ग्रंथ, त्यात वेचे, वेच्याआधी लेखकाचा परिचय, वेच्यानंतर प्रश्न, आणि आईच्या हाती उत्तरांसह छापलेली शिक्षक-आवृत्ती. याला ते 'बायबलप्रणीत जीवनदृष्टी'चे अध्यापन म्हणतात. प्रत्यक्षात होते असे, की लेखकाच्या तारणाचा हिशेब परिचयातच मिटवला जातो आणि मग मुलाला कविता वाचायला दिली जाते. बॉब जोन्स प्रकाशनाच्या साहित्याच्या पुस्तकाची २००१ ची आवृत्ती यासाठी कुप्रसिद्ध झाली. मार्क ट्वेनची शंका ही सत्यशोधकाची शंका नव्हे, ते कबुलीजबाब दिलेल्या बंडखोराचे आव्हान आहे, असा निवाडा त्यात आहे. एमिली डिकिन्सनवर ठपका असा, की तिने बायबलपासून काव्याची प्रेरणा घेतली, पण त्याला जीवनाचा निर्दोष मार्गदर्शक मानले नाही आणि तारणाकडे आयुष्यभर जुगारासारखे पाहिले.

यातली माहिती खोटी नाही, हे प्रथम मान्य करू. ट्वेन अश्रद्ध होता. डिकिन्सन १८४७-४८ मध्ये माउंट होल्योकच्या स्त्री-विद्यालयात होती आणि तेथे मुलींची श्रद्धेनुसार जी वर्गवारी होत असे तीत ती 'आशा नसलेल्यां'मध्ये मोजली गेली. (त्याच विद्यालयात तयार झालेल्या स्त्रिया त्या शतकात मिशनच्या कामासाठी अहमदनगरपर्यंत येऊन पोहोचल्या. आमच्या विद्यार्थिनीच्या पणजीला अक्षर ज्या परंपरेतून मिळाले तिच्याच एका बाकावर डिकिन्सन बसली होती, हे कोणत्याही अभ्यासक्रमात नाही.) प्रश्न माहितीचा नाही, क्रमाचा आहे. निवाडा आधी ऐकलेला मुलगा कविता वाचत नाही. तो पुरावा शोधतो. आणि पुरावा शोधणाऱ्याला तो सापडतोच.

'हकलबेरी फिन'चेच पाहा. हक हा मुलगा ज्या गावात वाढला त्या गावचा ख्रिस्ती धर्म त्याला सांगतो, की पळालेल्या गुलामाला मदत करणे ही चोरी आहे आणि चोरीची शिक्षा नरक. जिम कोठे आहे हे कळवणारे पत्र हक लिहितो, आणि मग नरकात जाण्याची तयारी ठेवून ते फाडून टाकतो. आपल्या समाजाने 'देवाची आज्ञा' म्हणून शिकवलेली गोष्ट आणि जिवंत माणसाविषयीचे प्रेम यांत निवड करायची वेळ आली तर काय करावे, हा प्रश्न सोळा वर्षांच्या श्रद्धावान मुलापुढे ठेवायला याहून चांगले पान अमेरिकी साहित्यात आम्हांला ठाऊक नाही. परूश्यांशी येशूचे जे भांडण होते त्याची आठवण येथे कोणत्याही ख्रिस्ती वाचकाला व्हावी. लेखक बंडखोर होता एवढे सांगून ते पान उलटले, तर गमावतो तो मुलगाच. ट्वेनचे काही बिघडत नाही.

ख्रिस्ती वाचनाची परंपरा अशी भित्री कधीच नव्हती. डायडोच्या मृत्यूवर आपण रडलो आणि स्वतःच्या आत्म्यासाठी रडलो नाही, याची खंत ऑगस्टीनने आपल्या आत्मनिवेदनात केली आहे. पण ती खंत करण्यासाठी त्याला आधी व्हर्जिल मन लावून वाचावा लागला होता. दान्तेने नरकातून वाट दाखवायला त्याच मूर्तिपूजक व्हर्जिलला बरोबर घेतले. मिल्टन तर प्युरिटन. पण 'पॅरडाइज लॉस्ट'च्या आरंभीच्या सर्गांत सर्वांत दणदणीत भाषणे त्याने सैतानाला दिली, आणि १६४४ साली छपाईपूर्व परवान्याच्या विरोधात पुस्तिका लिहून, ज्या सद्गुणाची शत्रूशी कधी गाठच पडली नाही त्याची किंमत काय, असा खडा सवाल केला. आजच्या संकलनकारांनी मिल्टनचा परिचय छापायचा आणि मिल्टनची शिकवण मात्र शिक्षक-आवृत्तीत गाडायची, याला काय म्हणावे?

उदाहरण आमच्या भाषेतही आहे. फादर स्टीफन्सचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली गोव्यात छापले गेले, ते नवख्रिस्ती लोकांच्या शिक्षणासाठीच. म्हणजे तोही एक अभ्यासक्रमच होता. त्या काळच्या गोव्यात इन्क्विझिशन होते, आधीच्या पोथ्यांना थारा नव्हता, हे विसरून त्या ग्रंथाचे गोडवे गाऊ नयेत. तरीही त्या इंग्रज जेझुइटाने ओवी घेतली, पुराणाचा घाट घेतला, ज्या परंपरेतून श्रोता आला होता तिचाच सूर लावला, आणि दहा हजारांवर ओव्या रचल्या. श्रोत्याच्या कानावर त्याने भरवसा ठेवला. उत्तरपुस्तिकेचा वाचकावर नेमका तोच भरवसा नसतो.

संकलनापेक्षाही वाईट पद्धत पुस्तिकांची. 'अॅक्सिलरेटेड'मध्ये प्रत्येक विषयाच्या वर्षाला बारा पुस्तिका. मुलाने एकट्याने बसून गाळलेल्या जागा भरायच्या आणि उत्तरांच्या संचाशी ताडून स्वतःच तपासायच्या. व्याकरणाला हे कदाचित चालेल. कादंबरीला गाळलेली जागा नसते.

२००५ साली एका ख्रिस्ती शाळा-संघटनेने आणि मुरिएटा येथील एका शाळेने कॅलिफोर्निया विद्यापीठावर दावा लावला, कारण त्यांचे काही अभ्यासक्रम विद्यापीठाने प्रवेशासाठी ग्राह्य धरले नाहीत. २००८ मध्ये आणि अपिलात २०१० मध्ये निकाल विद्यापीठाच्या बाजूने लागला. हा खटला लोकांना जीवशास्त्रासाठी आठवतो. परंतु नाकारलेल्यांत ख्रिस्ती धर्म आणि नीती यांच्या अंगाने शिकवायचा अमेरिकी साहित्याचा एक अभ्यासक्रमही होता, आणि त्यावरच्या आक्षेपांत एक असा होता, की सगळे वाचन एका संकलनावर भागवलेले आहे. धर्म क्षणभर बाजूला ठेवला तरी तो आक्षेप शिल्लक राहतो. आख्खे पुस्तक न वाचता साहित्याचा अभ्यास होतो कसा?

शाळेत वाईट पाठ्यपुस्तकाला उतारे असतात. शेजारच्या बाकावरची मुलगी वेगळे म्हणते, ग्रंथपाल दुसरे पुस्तक हाती देतो, पुढच्या वर्षी येणाऱ्या बाई आधीच्या सरांचे खोडून काढतात. घरी यातले काहीच नसते. आई तीच शिक्षिका, तीच परीक्षक, पुष्कळ ठिकाणी गुणपत्रक देणारीही तीच. आणि तिच्या मागे उभा असतो तो प्रकाशक. तिला स्वतःला ट्वेन शिकायला मिळाला नसेल, तर छापील उत्तराशी वाद घालायचा तरी कोणी? १९७२ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने आठवीच्या पुढे मुलांना शाळेत न पाठवण्याचा आमिश पालकांचा हक्क मान्य केला, तेव्हा न्यायमूर्ती डग्लस यांनी आपल्या अंशतः भिन्नमतात विचारले होते, की या मुलांना काय वाटते हे कोणी ऐकणार की नाही. अभ्यासक्रमांच्या जाहिरातींत पालकांना उद्देशून भरपूर लिहिलेले असते; त्या प्रश्नाला उत्तर म्हणावे असे काही आम्हांला आढळले नाही.

गृहशिक्षणाला आमचा सरसकट विरोध आहे, असा अर्थ कोणी काढू नये. आमच्या महाविद्यालयात सत्रपरीक्षा, अंतर्गत मूल्यमापन आणि सुट्ट्या वजा जाता एका कादंबरीला आठ तास मिळाले तर आम्ही नशीबवान. त्या घरी एका कादंबरीला अख्खा महिना देता येतो, संध्याकाळी मोठ्याने वाचता येते, बापाला मध्येच थांबवून विचारता येते. एवढी श्रीमंती हाताशी असताना वेचे विकत घ्यावेत, याचेच दुःख वाटते.

म्हणून आम्ही विद्यार्थिनीला सांगितले, की घ्यायचेच तर आख्खी पुस्तके देणारा अभ्यासक्रम घे. १९९० साली, मूळ मिशनरी कुटुंबांसाठी, सुरू झालेल्या 'सनलाइट'चा पायाच कथा-कादंबऱ्या आहेत. 'ऑम्निबस'चे बळ वेगळे: होमर, ऑगस्टीन, दान्ते ही नावे केवळ परिचयापुरती येत नाहीत, ग्रंथच वाचावे लागतात. या अभिजातवादी चळवळीचा उगम डोरथी सेयर्स या लेखिकेच्या १९४७ सालच्या ऑक्सफर्ड येथील व्याख्यानात सांगितला जातो; रहस्यकथा लिहिणारी आणि दान्तेचा अनुवाद करणारी बाई शिक्षणावर बोलली ते मुळातून वाचण्याजोगे आहे. मात्र 'ऑम्निबस'च्या संपादकांपैकी एक डग्लस विल्सन, आणि याच गृहस्थांनी १९९६ साली दुसऱ्या एका लेखकाबरोबर दक्षिणेतील गुलामगिरीची भलामण करणारी पुस्तिका लिहिली होती. तेव्हा त्यातले इतिहासविषयक निबंध डोळे उघडे ठेवून वाचावेत, हेही कळवले. येथेही जीवनदृष्टीचा निबंध ग्रंथाच्या आधी येतोच. पण ग्रंथ पूर्ण हातात असला की निबंधाला तो पुरून उरतो, असा आमचा अनुभव आहे. वेच्यात ते बळ नसते.

आमच्या काही सहकाऱ्यांना हा सारा प्रकार ऐकून गंमत वाटली. 'बायबल हातात धरून कविता तपासतात म्हणे!' असे हसणाऱ्यांनी आपल्याच विभागाची प्रश्नपत्रिका एकदा पाहावी. कवितासंग्रह कोणत्या प्रवाहात बसतो हे आधी सांगायचे, मग त्या प्रवाहाची वैशिष्ट्ये, मग प्रत्येक वैशिष्ट्याला दोन ओळींचे उदाहरण. आणि पदव्युत्तर वर्गातला मुलगा संग्रह न उघडता गाईडवरून पहिला वर्ग मिळवतो. लेखकाची जात, पक्ष, वाद यांचा निकाल परिचयातच लावून टाकण्यात आम्ही ग्रीनव्हिलच्या लोकांना शिकवू शकू. त्यांची उत्तरपुस्तिका निदान उघडपणे छापलेली असते. 'यमुनापर्यटन' हे १८५७ सालचे पुस्तक प्रचारकी म्हणून दोन वाक्यांत बाजूला सारणारे किती जण यमुनेबरोबर त्या विधवांच्या घरांत खरोखर गेले आहेत, हे विचारायची सोय नाही.

विद्यार्थिनीचे पुन्हा पत्र आले: नमुन्याची पाने तर सगळीकडची गोडच असतात, पारखायचे कसे? आम्ही लिहिले, की मुलाचे पुस्तक नको, शिक्षक-आवृत्ती मागव. तीत अशा एका लेखकाचे पान काढ, ज्याची श्रद्धा प्रकाशकाला पसंत नाही. त्या पानावरच्या प्रश्नांपैकी किती प्रश्नांना छापील उत्तर नाही, ते मोज. एकही नसेल तर पुस्तक परत कर आणि त्या पैशात गावच्या सार्वजनिक ग्रंथालयाच्या जुन्या पुस्तकांच्या विक्रीतून ट्वेन, हॉथॉर्न आणि फ्लॅनरी ओकॉनरच्या कथा घेऊन ये. ओकॉनर कट्टर कॅथलिक होती. तिच्या कथेत देवकृपा कधीकधी पिस्तूल घेऊन येते. ती मुलाच्या आधी तू वाच, आणि त्याला वाचायला देताना काही सांगू नकोस.