वचन म्हणजे ताईत नव्हे!

परीक्षा जवळ आली की हॉस्टेलच्या भिंतीवर टाइमटेबलशेजारी गणपती, साईबाबा दिसू लागतात. माझ्या टेबलासमोर असतं फिलिप्पैकरांस पत्र 4:13. ख्रिस्त बळ देतो म्हणून सगळं जमतं, असा त्याचा भाव. तरी गेल्या सेमिस्टरला एम-थ्रीत केटी लागली. खरं सांगते, राग स्वतःचा नाही, देवाचा आला!

सुट्टीत त्याच्या आधीच्या दोन ओवी वाचल्या आणि ओशाळले. हे पत्र पौलाने कैदेत असताना लिहिलंय. भरल्या पोटी असो वा उपाशी, समाधानी राहायला मी शिकलोय, असं तो आधी सांगतो. म्हणजे 'सगळं जमतं' यात नापास होऊनही उभं राहणं आलं. फर्स्ट क्लासची गॅरंटी नाही!

मग बायबलमध्ये यश म्हणजे काय? मत्तय 25 मधला दाखला बघा. मालकाने दिलेल्या पाच टॅलंटवर पाच कमावणारा आणि दोनावर दोन कमावणारा, दोघांनाही तो अगदी सारखीच शाबासकी देतो. इथे रँक नाहीच! बोलणी खातो तो, ज्याने घाबरून एकुलतं एक टॅलंट जमिनीत पुरलं. एम-थ्रीची वही महिनाभर न उघडणारी मी दुसरं काय करत होते?

तो कागद अजून तिथेच आहे. पण आता त्याच्याखाली रोज एक गणित सुटतं. मित्रांनो, प्रार्थना जरूर करा. पण टॅलंट पुरून ठेवून देवाकडे मार्क मागू नका!