स्टेशन जिन्यापाशी संपत नाही!

पुण्यात सिव्हिल कोर्ट मेट्रो स्टेशनला गेलात, तर भुयारी प्लॅटफॉर्मवर उभं राहून एकदा मान वर करून बघा. तुम्ही जमिनीखाली तब्बल ३३ मीटरवर आहात. दहा मजली इमारत पुरावी इतकं खोल! तरीही वरून दिवसाचा उजेड थेट खाली येतोय. इथले रील्स तुम्ही पाहिले असतीलच, पण यात रीलपेक्षा जास्त काहीतरी आहे. भुयारी स्टेशनात दिवे, हवा खेळती ठेवणारे पंखे, सरकते जिने सगळं सकाळपासून रात्रीपर्यंत चालू ठेवावं लागतं. त्यामुळे जेवढा उजेड फुकट मिळेल, तेवढी वीज वाचते.

मग झालं ना स्टेशन ‘सस्टेनेबल’? थांबा, हिशोब अजून बाकी आहे.

भुयारी स्टेशन बांधायचं म्हणजे आधी प्रचंड खड्डा आणि मग त्यात ढीगभर सिमेंट आणि पोलाद. जगात माणसामुळे हवेत जाणाऱ्या कार्बन डायऑक्साइडपैकी साधारण सात-आठ टक्के एकट्या सिमेंटच्या उत्पादनातून येतो. म्हणजे पहिली मेट्रो धावायच्या आधीच स्टेशनच्या डोक्यावर मोठं कर्ज असतं. सोलर पॅनल, एलईडी दिवे, ब्रेक मारताना पुन्हा वीज तयार करणारी मेट्रो, या सगळ्याची मदत होतेच. पण मोठे हप्ते तुम्ही-आम्हीच भरायचे असतात, आपली गाडी घरी ठेवून.

आता खरं सांगा, गाडी घरी ठेवता येते का?

समजा, तुमचा क्लास स्टेशनपासून अर्ध्या किलोमीटरवर आहे. एप्रिलचं ऊन. फूटपाथवर गाड्या लावलेल्या. रस्ता ओलांडायचा तर जीव मुठीत. रिक्षावाले काका म्हणतात, ‘एवढ्या जवळ नाही यायचं.’ रात्री परतताना त्याच रस्त्यावर अर्धे दिवे बंद, म्हणून आई फोनवर फोन करतेय. दोन दिवस तुम्ही हौसेनं जाल, तिसऱ्या दिवशी गाडीला किक माराल. तुम्हाला नावं तरी कशी ठेवायची?

अडचण अशी की मेट्रो एका संस्थेची, फूटपाथ महापालिकेचा आणि बस पीएमपीची. कागदावर प्रत्येकाची हद्द ठरलेली आहे. चालणाऱ्याला मात्र एकच रस्ता दिसतो. म्हणून माझं म्हणणं साधं आहे. स्टेशनच्या चारही बाजूंचा अर्धा किलोमीटर हा स्टेशनच्याच डिझाइनचा भाग धरा. सावलीचा सलग फूटपाथ, दारातच बस थांबा, सायकल लावायला जागा आणि रात्री नीट उजेड. हे नकाशातच असू द्या, ‘नंतर बघू’च्या यादीत नको.

आणि पाऊस? २६ मे २०२५ रोजी मुंबईत वरळीच्या आचार्य अत्रे चौक भुयारी स्टेशनात पाणी शिरलं. काम सुरू असलेल्या प्रवेशद्वाराची भिंत पावसात कोसळली होती आणि स्टेशन सुरू होऊन जेमतेम दोन आठवडे झाले होते. बँकॉकमध्ये भुयारी मेट्रोच्या दारात आधी काही पायऱ्या वर चढाव्या लागतात, मगच खाली उतरता येतं. पूर आला तरी पाणी सहज आत शिरू नये, एवढाच उद्देश. आपण असे चढ करताना व्हीलचेअरसाठी रॅम्प आणि लिफ्टही विसरायला नको.

हे सगळं आत्ताच बोलायचं कारण? स्वारगेट ते कात्रज या सुमारे साडेपाच किलोमीटरच्या भुयारी मार्गाला केंद्रीय मंत्रिमंडळानं ऑगस्ट २०२४ मध्ये मंजुरी दिली. काँक्रीट एकदा ओतलं की प्रवेशद्वार हलवता येत नाही.

तेव्हा या रविवारी एक काम करा. जवळच्या मेट्रो स्टेशनपासून कॉलेजच्या गेटपर्यंत चालत जा. कितीदा फूटपाथ सोडून रस्त्यावर उतरावं लागलं, ते मोजा. फोटो काढा आणि आकड्यासकट वॉर्ड ऑफिसला अर्ज द्या. आर्किटेक्चर किंवा सिव्हिलला असाल, तर पुढच्या प्रोजेक्टला हाच विषय घ्या. सर नाही म्हणणार नाहीत!