दुप्पट कशाची?

जादा कामाच्या मोबदल्याविषयी आपल्याकडे एक समजूत रूढ झाली आहे. कामगार अधिक वेळ राबतो म्हणून त्याला अधिक दराने पैसे देणे हा मालकाचा उदारपणा, किंवा फार तर कामगाराच्या कष्टांचे बक्षीस, असे मानले जाते. 'ओव्हरटाइम मिळतो ना, मग तक्रार कसली?' असे सुशिक्षित मंडळीही सहज विचारतात. या विचारात मुळातच गफलत आहे. जादा कामाचा दुप्पट दर हे बक्षीस नव्हे. माणसाला ठरल्याहून अधिक वेळ राबवणाऱ्यावर बसवलेला तो एक प्रकारचा दंड आहे. हा दंड ज्या रकमेवर मोजायचा ती रक्कमच आकसली, तर दुप्पट हा शब्द कायद्यात राहूनही त्यातला अर्थ निघून जातो.

या दराला इतिहास आहे. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांनी मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळाली ती १८९० साली. आठवड्याच्या कामाची मर्यादा १९२२ च्या कायद्याने ६० तासांवर आणि १९३४ च्या कायद्याने बारमाही कारखान्यांपुरती ५४ तासांवर आणली. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर मजूर खाते सांभाळत असताना, १९४६ साली, ती ४८ तासांवर आली. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने तीच मर्यादा कायम ठेवली आणि दिवसाचे ९ किंवा आठवड्याचे ४८ तास ओलांडले की पुढच्या प्रत्येक तासाला नेहमीच्या दराच्या दुप्पट वेतन, असे कलम ५९ मध्ये घातले.

दुप्पटच का? निव्वळ तासांची मर्यादा घालून भागत नाही. ती मोडणे महाग पडले पाहिजे. जुन्याच कामगाराला थांबवून घेण्यापेक्षा नवा माणूस नेमणे मालकाला स्वस्त वाटावे, म्हणजे एकाची झीज थांबेल आणि दुसऱ्याला काम मिळेल, हे यामागचे साधे अर्थशास्त्र आहे. अचानक मोठी मागणी आली, यंत्र बिघडले, तर जादा काम अटळ असते हे कोणीही मान्य करील. अशी गरज खरी असेल तर मालक दुप्पट दर देईलच. गरज खरी आहे की केवळ सोय, हे पारखण्याची कसोटी म्हणजेच तो दर.

आता मुख्य प्रश्न येतो तो असा, की दुप्पट कशाची? १९४८ च्या अधिनियमात 'नेहमीचा दर' म्हणजे मूळ वेतन अधिक कामगाराला मिळणारे भत्ते, अशी व्याख्या होती. सवलतीच्या धान्याची किंमतही त्यात धरली जाई. वगळला होता तो बोनस आणि खुद्द जादा कामाचा पैसा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या कामगार संहितांनी दुप्पट दर कायम ठेवला आहे, आणि जादा कामाला कामगाराची संमती आवश्यक मानली आहे. परंतु 'वेतन' या शब्दाची नवी व्याख्या प्रामुख्याने मूळ वेतन आणि महागाई भत्ता यांवर उभी आहे. घरभाडे, प्रवास इत्यादी भत्ते त्यातून वगळले आहेत. मात्र वगळलेल्या रकमा एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून अधिक झाल्या, तर वरचा भाग वेतनात धरावा लागतो.

उदाहरणच घेऊ. एका कामगाराला सर्व भत्त्यांसह महिना २६,००० रुपये मिळतात. महिन्याचे २६ दिवस आणि दिवसाचे ८ तास धरले, तर त्याचा एक तास १२५ रुपयांचा होतो आणि सगळे भत्ते धरून जादा तासाचे २५० रुपये होतात. पण यातले १३,००० रुपयेच 'वेतन' ठरले, तर तासाचा दर साडेबासष्ट रुपये आणि त्याची दुप्पट १२५. म्हणजे नवव्या तासाला त्याला तेवढेच मिळणार, जेवढे पहिल्या तासाला मिळत होते. दंड नाहीसा झाला. उरला तो केवळ दुप्पट हा शब्द. त्यातच नवा माणूस नेमला की त्याची भरपगारी रजा, ग्रॅच्युइटी, प्रशिक्षण हा सारा खर्च येतो, आणि जादा कामाच्या पैशावर सामान्यतः भविष्यनिर्वाह निधीही भरावा लागत नाही. अशा हिशेबात नवा माणूस कोण नेमील?

हा तर्क निव्वळ कागदी नाही. एप्रिल २०२० मध्ये, टाळेबंदीच्या काळात, गुजरात सरकारने १२ तासांच्या कामाला मुभा देताना जादा वेतन प्रमाणशीरच ठेवले. ८ तासांचे ८० रुपये असतील तर १२ तासांचे १२०, असे त्या अधिसूचनेतच म्हटले होते. सर्वोच्च न्यायालयाने १ ऑक्टोबर २०२० रोजी ती रद्द ठरवली आणि त्या काळातील जादा कामाचे वेतन मूळ कायद्याप्रमाणे देण्याचा आदेश दिला. जे तेव्हा उघडपणे करता आले नाही, ते आता व्याख्येच्या आडून होऊ नये.

महाराष्ट्रात हा प्रश्न अधिक निकडीचा आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतील दैनिक कामाची मर्यादा ९ वरून १२ तासांवर, आणि तिमाहीतील जादा कामाची मर्यादा ११५ वरून १४४ तासांवर नेण्यास मंजुरी दिली. त्यासाठी लेखी संमतीची अट आहे. पण ज्याचे घर ८ तासांच्या पगारात चालत नाही, त्याची संमती कितीशी स्वखुशीची असणार? कामगार स्वतःच जादा काम मागतात हे खरे आहे; पण त्यातून त्यांची हौस नव्हे, पगाराचा तोकडेपणा सिद्ध होतो.

तेव्हा मागणी साधी असावी. जादा कामाचा दर सर्व नियमित भत्ते धरून मोजावा, आणि प्रत्येक पगारपत्रकावर जादा तास व त्यांचा दर वेगळा छापावा, म्हणजे कंत्राटी कामगारालाही आपला हिशेब स्वतः पडताळता येईल. तास वाढवायचेच असतील, तर त्यांची खरी किंमत आधी मोजली पाहिजे. ती किंमत आज मालकाने दिली नाही, तर उद्या कामगाराचे शरीर देईल, आणि कामाच्या शोधात फाटकाबाहेर उभा असलेला तरुण तिथेच उभा राहील.