खाते बंद, दाद कोणाकडे?

राज्यघटना अमलात येऊन जेमतेम चार महिने झाले होते. दिल्लीच्या मुख्य आयुक्तांनी ‘ऑर्गनायझर’ या साप्ताहिकावर मार्च १९५० मध्ये पूर्वतपासणीचे बंधन लादले होते. जातीय प्रश्नांविषयीचा आणि पाकिस्तानसंबंधीचा मजकूर आधी सरकारी अधिकाऱ्यास दाखवावा, मगच छापावा, असा तो हुकूम होता. साप्ताहिकाचे चालक सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २६ मे १९५० रोजी तो हुकूम रद्द झाला. त्याच दिवशी त्याच न्यायालयाने ‘क्रॉस रोड्स’ या डाव्या विचारांच्या साप्ताहिकावरील मद्रास सरकारची प्रवेशबंदीही उठवली. विचार दोन टोकांचे, पण न्याय एकच. शिवाय ‘ऑर्गनायझर’वरील हुकूम मार्चमधला आणि निकाल मेमधला!

आज लेखणीवर बंधन घालण्यासाठी आयुक्ताची गरज उरलेली नाही. सकाळी भ्रमणध्वनी हाती घ्यावा आणि ‘तुमचे खाते बंद करण्यात आले आहे’ एवढेच वाक्य दिसावे, हा अनुभव आता नवलाचा राहिलेला नाही. कोणत्या मजकुरामुळे, कोणाच्या तक्रारीवरून, कोणी निर्णय घेतला, यांपैकी कशाचाच पत्ता नसतो. फेरविचाराचा अर्ज भरायचा आणि वाट पाहायची. फेसबुकवर अशा अर्जासाठी १८० दिवसांची मुदत असते. ती टळली की वर्षानुवर्षांची छायाचित्रे, पत्रव्यवहार आणि जोडलेली माणसे कायमची हातची जातात.

सत्ताधाऱ्यांनाही हा अनुभव चुकलेला नाही. २५ जून २०२१ रोजी तत्कालीन माहिती तंत्रज्ञान मंत्री रविशंकर प्रसाद यांचेच ट्विटर खाते सुमारे तासभर बंद झाले होते. ज्या खात्याचे मंत्री, त्याच क्षेत्रातील परदेशी कंपनीने त्यांना दाराबाहेर उभे केले. मंत्र्यांचे खाते तासाभरात परत मिळाले. गावातील बचत गटाचे पान, एखाद्या ग्रंथालयाचे किंवा गणेशोत्सव मंडळाचे खाते तासाभरात परत मिळेल का, हा खरा प्रश्न आहे.

ज्येष्ठ विधिज्ञ संजय हेगडे यांचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. १९३६ मधील हॅम्बर्गच्या गोदीतील एक प्रसिद्ध छायाचित्र त्यांच्या ट्विटर खात्यावर होते. साऱ्या गर्दीचे हात नाझी अभिवादनासाठी उंचावलेले आणि एकच कामगार हाताची घडी घालून उभा, असे ते चित्र. २०१९ मध्ये या चित्रावरून खाते रोखले गेले. पुढे आणखी एका मजकुराचे निमित्त होऊन ते पुरते बंद झाले. नाझींना नकार देणारे चित्रच आक्षेपार्ह ठरले! हेगडे यांनी डिसेंबर २०१९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली. खाते उघडले ते २०२३ च्या आरंभी. तोवर कंपनीचा मालकही बदलला होता. हेगडे यांची राजकीय मते राष्ट्रीय विचारांच्या वाचकांना पटणार नाहीत. तथापि आज त्यांच्या बाबतीत जे घडले त्यावर मौन पाळणाऱ्यास उद्या स्वतःसाठी न्याय मागण्याचा नैतिक अधिकार उरत नाही. १९५० च्या त्या दोन निकालांचा धडाच तो आहे.

कायद्याची अडचण अशी की, मूलभूत हक्कांची ढाल प्रामुख्याने राज्यसंस्थेविरुद्ध चालते. खाजगी कंपनी ‘आमच्या अटी मान्य करूनच तुम्ही आत आलात’ असे म्हणून मोकळी होते. ऑक्टोबर २०२५ मध्ये एका वैद्यकीय व्यावसायिकाचे व्हॉट्सअ‍ॅप खाते बंद झाल्याचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे आले. न्यायालयाने याचिकेत लक्ष घालण्यास नकार दिला आणि ‘अरट्टै’ या स्वदेशी पर्यायाकडे बोट दाखवले.

तरीही नागरिक अगदी निःशस्त्र नाही. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार ५० लाखांहून अधिक नोंदणीकृत वापरकर्ते असलेल्या कंपनीने भारतात राहणारा तक्रार निवारण अधिकारी नेमणे बंधनकारक आहे. स्वतःहून मजकूर हटवताना कारण कळवणे आणि म्हणणे मांडण्याची संधी देणे, हेही तिचे कर्तव्य आहे. ऑक्टोबर २०२२ च्या दुरुस्तीने घटनेच्या १४, १९ आणि २१ व्या अनुच्छेदांतील हक्कांचा मान राखण्याचे दायित्व कंपन्यांवर टाकले. अधिकाऱ्याने न्याय दिला नाही तर ३० दिवसांत शासनाच्या तक्रार अपील समितीकडे दाद मागता येते. अशा तीन समित्या असून मार्च २०२३ पासून त्यांचे काम संगणकीय पद्धतीने चालते. मात्र ही वाट किती जणांना ठाऊक आहे? अधिकार पुस्तकात असणे आणि तो सामान्य माणसाच्या हाती पोहोचणे, यांत मोठे अंतर आहे.

फसवणूक करणारी, दंगल पेटवणारी, स्त्रियांची विटंबना करणारी खाती बंद झालीच पाहिजेत. त्याविषयी दुमत नाही. कोट्यवधी खात्यांवर नजर ठेवण्यास यंत्रे लागणार, हेही मान्य. परंतु यंत्राने पकडलेल्यास माणसाने ऐकून घ्यावे, एवढी अपेक्षा अवाजवी नाही. आरोपीचे म्हणणे ऐकल्याविना शिक्षा नाही, हे न्यायाचे पहिले तत्त्व आहे.

उपाय दुहेरी आहे. पहिला कायद्याचा : खाते बंद करण्यापूर्वी, आणि तातडीच्या प्रसंगी बंद केल्यानंतर लगेच, नेमके कारण भारतीय भाषेत कळवणे बंधनकारक असावे, तसेच माहितीची प्रत खातेदारास मिळालीच पाहिजे. दुसरा स्वावलंबनाचा. २०२० मध्ये सुरू झालेले ‘कू’ जुलै २०२४ मध्ये बंद पडले; त्या अपयशात, टाळ्या वाजवून स्वतः मात्र जुन्याच दारी राहिलेल्या समाजाचाही वाटा आहे. संस्थांनी आपले संकेतस्थळ, सदस्यांची यादी आणि कागदपत्रांच्या प्रती स्वतःजवळ ठेवाव्यात. भाड्याच्या घरात राहावे लागले, तरी देव्हारा आणि दस्तऐवज घरमालकाच्या कुलपात ठेवण्याचे कारण नाही.

बंद खाते परत मिळणे ही कंपनीची मेहेरबानी असता कामा नये. तो नागरिकाचा हक्क ठरला पाहिजे.