साइडपट्टीवरचा संसार

मी आणि सौ. सायकलवरून सांगलीहून महाबळेश्वरला निघालो आहोत, ही बातमी आळीत पसरली तेव्हा पहिला प्रश्न आला, "पेट्रोल एवढं परवडेना झालं काय हो?" दुसरा जरा आपुलकीचा होता. "काही नवस बोलला होता का?" तिसऱ्या गृहस्थांनी फक्त विम्याचा हप्ता भरलाय ना, एवढीच चौकशी केली. ते विम्याचे एजंट आहेत.

आपल्याकडे सायकल चालवायला दोनच कारणं मान्य आहेत. एक, खिशात पैसे नसणं. दोन, डॉक्टरांनी सांगणं. डॉक्टरांनी सांगितलेली सायकल घरातच एका जागी उभी असते आणि पंधरा दिवसांनी तिच्यावर टॉवेल वाळत पडतात. पण घरात स्कूटर असताना, दोघंही धडधाकट असताना, साठीच्या उंबरठ्यावर नवरा-बायकोनं सायकलवर डोंगर चढायचा म्हटलं की लोक कारण विचारत नाहीत, निदान करतात.

माझं कारण साधं होतं. सौ.चं माहेर वाई. कृष्णाबाईचंही त्याच वाटेवर. उगम महाबळेश्वरला आणि बालपण वाईच्या घाटांवर. १९४९ साली सातारा जिल्ह्याची वाटणी होऊन दक्षिण सातारा वेगळा निघाला आणि १९६० साली त्याचं सांगली झालं. भाऊ वेगळे राहिले, तरी नदी सामायिकच राहिली. "आमच्या माहेरचं पाणी पिऊन तुम्ही मोठे झालात," हे वाक्य मी तीस वर्षं ऐकतो आहे. म्हटलं, एकदा ते पाणी उलटं चढून बघावं.

आणि हे खूळ काही आमचंच नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फॅनी बुलक वर्कमन आणि विल्यम वर्कमन हे अमेरिकन जोडपं हिंदुस्थानभर सायकलवर हिंडलं. त्यावर त्यांनी १९०४ साली पुस्तक काढलं, ते चौदा हजार मैलांचं. पुढं १९१२ साली या बाईंनी सियाचिनच्या बर्फात उभं राहून, बायकांना मताचा हक्क मागणारा कागद हातात धरून फोटो काढून घेतला. चौदा हजार मैल एकत्र सायकल मारूनही दोघांचा संसार टिकला, हे मला त्या मैलांपेक्षा थोर वाटतं. आमचा कराडपर्यंत टिकेल की नाही, याचीच शंका होती. भिलवडी, पलूस करत कराड गाठेपर्यंत दोन पंक्चर झाली आणि पंप कोणी विसरला यावर बोलणं बंद पडलं. प्रीतिसंगमावर कृष्णा आणि कोयना अगदी समोरासमोरून येऊन मिळतात. आम्हीही समोरासमोरच बसलो होतो. संगम तेवढा व्हायचा होता.

पण माझं खरं भांडण सौ.शी नाही. ते साइडपट्टीशी आहे.

आपल्या रस्त्याला दर दोन-चार वर्षांनी डांबराचा नवा थर चढतो. रस्ता वर वर जातो आणि कडेची साइडपट्टी मात्र गरिबाच्या पगारासारखी होती तिथंच राहते. शेवटी दोघांत वीतभराची पायरी पडते. मागून हॉर्न वाजला की सायकलवाल्यानं त्या पायरीवरून खाली उडी मारायची. एका दिवसात मी अशा किती उड्या मारल्या, ते माझ्या कमरेला विचारा. त्यातून आमचा प्रवास जानेवारीतला, म्हणजे उसाचा हंगाम ऐन भरात. एका ट्रॅक्टरमागं दोन ट्रॉल्या, वर घरभर ऊस, आणि अंधार पडला की मागं ना लाल दिवा ना चमकपट्टी. चमकपट्टी हवी असा नियम आहे. नियम आहे म्हणूनच बहुधा कुणी लावत नाही.

पलूसच्या अलीकडं शाळेच्या दोन पोरी आमच्या बरोबरीनं सायकल मारत होत्या. ट्रॉली आली की दोघी सराईतपणे खाली उतरायच्या, पाय टेकून उभ्या राहायच्या, ती गेली की पुन्हा वर. मी विचारलं, "रोज असंच?"

"रोजच की. दहा-बारा वेळा."

तक्रारीचा सूर नाही. पाऊस पडतो, तसं ते. मी चार दिवसांची हौस म्हणून आलो होतो. त्या वह्या आणायला गेल्या, तरी त्यांना हीच कसरत. २०२२ साली देशात रस्त्यांवर १ लाख ६८ हजारांवर माणसं मेली, त्यांत सायकलवाले साडेचार हजारांहून अधिक होते. हा आकडा वाचून मी चहा पीत राहिलो होतो. त्या पोरी बघितल्यावर तसं जमत नाही.

शहाणी माणसं म्हणतील, मोठ्या रस्त्यावर सायकल आणताच कशाला? अहो, आम्ही रस्त्यावर आलो नाही, रस्ता आमच्यात आला! शाळा रस्त्याच्या अल्याड, घर पल्याड, हे त्याच्या आधीपासूनचं आहे. दूधवाला, गवंडी, शाळकरी पोर हे रस्त्यावरचे पाहुणे नव्हेत, घरचे आहेत. आम्हाला आठ पदर नकोत. डांबराच्या पातळीत भरलेली मीटरभर साइडपट्टी द्या, आणि ट्रॉलीमागं दोन रुंद चमकपट्ट्या.

वाईत मेव्हण्यानं स्वागत केलं, "दाजी, गाडी कुठं बंद पडली?" दुसऱ्या दिवशी पसरणीचा घाट. शाहीर साबळ्यांचं गाव मागं टाकलं आणि माझा आवाज गेला. वाई ते पाचगणी अंतर जेमतेम बारा-तेरा किलोमीटर, पण चढ पाचशे मीटरांहून जास्त. तिसऱ्या वळणानंतर मी निसर्गसौंदर्य पाहण्यासाठी खाली उतरलो आणि बराच वेळ पाहत, सायकल ढकलत राहिलो. सौ. लहान गिअर टाकून, पदर खोचून, बुंदी पाडावी तशी एका लयीत पुढं गेली. घाटमाथ्याजवळ 'हॅरिसन्स फॉली' नावाची जागा आहे. म्हणजे हॅरिसनचा वेडेपणा. मी पोहोचलो तेव्हा सौ. म्हणाली, "पुढच्या जागेला तुमचं नाव द्यायला सांगू या."

क्षेत्र महाबळेश्वरला गोमुखातून पडणारी धार बघितली. आमच्या न्हाणीघरातल्या नळाला जेमतेम एवढी धार असते. सौ.नं ओंजळीत पाणी घेतलं, डोळ्यांना लावलं आणि म्हणाली,

"बघा, एवढीशीच निघते. पण मागून हॉर्न वाजवून हिला कुणी खाली उतरवत नाही. म्हणून सांगलीपर्यंत पोचते."

मी नुसती मान डोलावली. बोलण्यापुरता दम पसरणीनं ठेवला नव्हता.